भुईचा गारवा, स्लॅबचे ऊन : मुकुटबन परिसरातील घरांच्या तापमानाचा इतिहास

जमिनीच्या पोटातील उष्णता नळ्यांवाटे वर आणून तिने घरे उबदार ठेवण्याच्या पद्धतीला भूऔष्णिक तापन म्हणतात, आणि जुन्या बहुमजली इमारतींना अशा नळ्या व छतावर सौरपट्ट जोडून त्यांचा कोळशाशी आणि गॅसशी असलेला संबंध तोडण्याचे काम थंड हवेच्या देशांत गेली काही दशके चालू आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनला ही कल्पना लावून पाहू गेल्यास ती पहिल्याच पावलाला अडखळते, कारण जेथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हिवाळ्यात ऊब लागते ती फार तर आंघोळीच्या पाण्यापुरती, तेथे भुईकडून उष्णता मागण्याचे कारण उरत नाही; तेथे भुईकडे मागायचा तो गारवा. असा गारवा भुईकडून घेण्याची रीत या परिसराला जुन्या काळापासून ठाऊक होती, आणि ती मागे कशी पडली याचा इतिहास घरांच्या भिंतींत, छपरांत आणि त्यांसाठी वापरलेल्या दगडमातीत शोधावा लागतो.

या उलट्या गरजेचे भान भूऔष्णिक तापनात वापरल्या जाणाऱ्या यंत्राच्या जन्मापासूनच होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. उष्णता कमी तापमानाकडून जास्त तापमानाकडे ढकलणाऱ्या यंत्राला उष्णता-पंप म्हणतात. घरातील फ्रीज हे त्याचेच लहान रूप. इमारती हवेच्या प्रवाहाने तापवता किंवा थंड करता येतील, हा विचार विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावाने प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मांडला, आणि त्याआधी काही वर्षे चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने मांडलेला प्रश्न तर उष्ण कटिबंधातील खोल्यांची हवा गार कशी करावी, हाच होता. उकाड्याने हैराण झालेल्या गोऱ्या अंमलदारांच्या बंगल्यांसाठी निघालेली ही कल्पना पुढे थंड देशांत घरे तापवण्यासाठी रुजली आणि आता पुन्हा उष्ण प्रदेशात परतू पाहत आहे.

मुकुटबनच्या पायाखालची भूमी समजून घेतल्याशिवाय पुढचे काही उलगडत नाही. वणी, झरी आणि पैनगंगेचे खोरे या टापूत तीन निरनिराळ्या युगांचे खडक जवळजवळ नांदतात: अतिप्राचीन समुद्रात साचलेला, भूवैज्ञानिकांनी 'पैनगंगा गट' असे नाव दिलेल्या मालिकेतील चुनखडक, त्यानंतर कैक कोटी वर्षांनी दलदलीच्या अरण्यांवर गाळ साचून बनलेले, दगडी कोळशाचे थर पोटात असलेले गोंडवन काळातील वालुकाश्म, आणि सर्वांत अलीकडचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, लाव्ह्याचा काळा पाषाण. या पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी कपाशीची माती वर पसरलेली आहे. चुनखडीतून चुना व सिमेंट आणि वालुकाश्माखालून कोळसा, अशा दोन वस्तूंनी या टापूचा आधुनिक इतिहास घडवला, आणि दोन्ही वस्तूंचा शेवट आगीत होतो.

भुईतून आपण होऊन वर येणारी उष्णताही येथे अगदीच परकी नाही. वणीहून मुकुटबनकडे येताना लागणारे कायर हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी परिसरात ओळखले जाते, तर पैनगंगेच्या काठी, नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात असलेले उनकेश्वर हे त्याहून प्रसिद्ध तीर्थ आहे. शरभंग ऋषींचा कुष्ठरोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून तेथे उष्णोदक काढले, अशी कथा त्या तीर्थाविषयी सांगतात. भूविज्ञानाचे उत्तर अधिक साधे आहे: पावसाचे पाणी खडकातील भेगांवाटे खोल उतरते, दर किलोमीटरला साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढणाऱ्या तापमानात तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते, त्यासाठी जवळपास ज्वालामुखी असण्याची गरज नसते. इटलीतील लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लावून दाखवण्यात आले आणि अमेरिकेतील बॉयझी शहरात १८९२ पासून गरम झऱ्याच्या पाण्याने घरे तापवली जात, पण उनकेश्वराच्या किंवा कायरच्या पाण्याने कोणाचे घर तापवावे असे कोणाला वाटले नाही. ते पाणी त्वचारोगासाठी, पर्वकाळच्या स्नानासाठी आणि देवासाठी राखलेले राहिले, आणि या हवामानात ते योग्यच होते.

घरांशी संबंध आला तो भुईच्या वरच्या आठ-दहा मीटरांचा. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत उतरते ती लाटेसारखी, आणि उतरताना ती दोन प्रकारे बदलते, म्हणजे तिची तीव्रता घटते आणि तिला उशीर होतो. सर्वसाधारण मातीत चार मीटर खोलीवर वर्षभरातील चढउतार पृष्ठभागाच्या सुमारे पाचव्या हिश्शावर येतो आणि लाट जवळपास तीन महिने मागे पडते, म्हणजे मे महिन्याच्या मध्यास वर पेटलेले ऊन त्या खोलीवर पोहोचेपर्यंत पोळा तोंडावर आलेला असतो. आठ मीटरांच्या आसपास उशीर सहा महिन्यांचा होतो आणि चढउतार जवळजवळ मावळतो. त्याखाली भुईचे तापमान तेथील हवेच्या वार्षिक सरासरीइतके, विदर्भात सुमारे २७-२८ अंश, स्थिर राहते. विहिरीचे पाणी वैशाखात गार आणि पौषातल्या पहाटे कोमट लागते, त्यावर वाफ धरते, याचे कारण पाणी बदलते हे नसून ते बदलत नाही, हे आहे; बदलतो तो पाण्यात हात घालणारा माणूस.

या ज्ञानाचा सर्वांत पद्धतशीर उपयोग वऱ्हाडात माणसाच्या निवाऱ्यासाठी झाला नाही, तो धान्यासाठी झाला. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खणलेल्या, तोंडाला अरुंद व पोटाला रुंद अशा खड्ड्याला पेव म्हणत. त्याच्या भिंतींना कडब्याचे किंवा पेंढ्याचे अस्तर लावून आत धान्य भरीत, तोंड दगडमातीने लिंपून बंद करीत, आणि आतला थोडा प्राणवायू धान्याच्या व किडीच्याच श्वसनाने संपून गेल्यावर कीड मरून धान्य वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नसे. आधी दोरीला दिवा बांधून सोडीत आणि तो विझल्यास आत कर्बवायू साचला आहे असे समजून पेव वाऱ्याला उघडे ठेवीत. स्थिर तापमान हा या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता, कारण तापमान हलले की धान्याला घाम येतो आणि बुरशी धरते. पेवे बुजली, गोदामे आली, आणि मराठीत उरले ते 'पेव फुटणे'. आज हा वाक्प्रचार वापरणाऱ्या बहुतेकांना त्यामागे जमिनीखालचे कोठार आहे याची कल्पना नसते.

माणसांच्या घरांत भुईचा उपयोग वेगळ्या रीतीने होत असे. पूर्व विदर्भाकडे सरकणाऱ्या या टापूत सधन शेतकऱ्याचे घर जाड मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंच्या छपराचे असे. अशा जाड मातीच्या भिंतीतून दिवसाचे ऊन आतल्या पृष्ठभागापर्यंत यायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे दुपारचा ताप मध्यरात्रीनंतर आत पोहोचतो, आणि त्या वेळी माणसे अंगणात बाजेवर झोपलेली असतात. ही भिंत म्हणजे एका अर्थी उभी केलेली भुईच होय. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते, पुढची छपरी भिंतीवर ऊन पडू देत नाही, आणि सारवलेली जमीन खालच्या मातीशी थेट जोडलेली असल्याने दुपारी तिच्यावर नुसते आडवे होणे हाच वातानुकूलनाचा प्रकार ठरे.

कोलामांची घरे या तत्त्वाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. झरी-जामणी हा कोलाम जमातीच्या मुख्य वस्तीचा प्रदेश आहे. महाराष्ट्रात कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलामांचा समावेश विशेष असुरक्षित आदिम जमातींत केला जातो, आणि द्रविड कुळातील कोलामी ही त्यांची भाषा आहे. त्यांच्या पाड्याला पोड म्हणतात. पोडावरील घराच्या भिंती कुडाच्या, म्हणजे बांबूच्या, तुराट्यांच्या किंवा पऱ्हाटीच्या विणीवर शेणमातीचा गिलावा दिलेल्या असत. अशी भिंत पातळ असल्याने ती उष्णता साठवीत नाही. दिवसा आडोसा देते आणि सूर्य मावळला की घटकाभरात निवते. जाड मातीची भिंत उष्णता उशिरा आत सोडते तर कुडाची भिंत ती धरूनच ठेवत नाही, आणि या दोन्ही युक्त्या परस्परविरुद्ध असूनही एकाच हवामानाला लागू पडतात, हे अलीकडच्या गृहनिर्माण योजनांच्या आराखड्यांत क्वचितच लक्षात घेतले गेले आहे.

हा समतोल बदलण्यास सुरुवात झाली ती आगीच्या उद्योगांमुळे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर पुढे त्याच्या आग्नेयेकडील मुलूख वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला, आणि १९०५ मध्ये त्याच्या सीमा वाढवून त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. वर्धा खोऱ्यातील कोळशाचा शोध हा त्या काळच्या सरकारी भूवैज्ञानिकांचा आवडता विषय होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील टी. डब्ल्यू. एच. ह्यूज यांचा या कोळसाक्षेत्रावरील विस्तृत अहवाल १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नदीपलीकडे वरोऱ्याची सरकारी खाण त्याआधी काही वर्षे सुरू होऊन १९०६ मध्ये बंद पडली. वणीजवळच्या राजूर येथे कोळसा आणि चुनखडी जणू शेजारी शेजारी सापडतात, त्यामुळे चुन्याच्या भट्ट्या तेथे टिकून राहिल्या. चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जाऊन कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसून फुटतो, आणि वाळूबरोबर दगडी चाकाच्या घाणीत मळला की त्याचा गिलावा होतो. हीच चुनखडी मातीबरोबर दळून सुमारे १४५० अंशांपर्यंत नेली की सिमेंटचा मूळ गोळा, ज्याला क्लिंकर म्हणतात, तयार होतो. साडेपाचशे अंशांच्या या फरकात घरबांधणीचे एक युग संपून दुसरे सुरू झाले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७० च्या दशकाच्या आरंभी झाले, वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कंपनी १९७५ मध्ये स्थापन झाली, आणि वणीच्या परिसरात खाण कामगारांच्या वसाहती वाढल्या. माजरीहून वणी, कायर, मुकुटबन, पिंपळखुटी असा आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या मालासाठीच महत्त्वाचा ठरला. मुकुटबन येथे बिर्ला कॉर्पोरेशन समूहाचा वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. या साऱ्या काळात क्वार्टर, शाळा, कार्यालय, दवाखाना, दोन-तीन मजली भाड्याची इमारत, सर्वांनी एकच छप्पर स्वीकारले, ते म्हणजे लोखंडी सळयांवर ओतलेला चार-पाच इंचांचा काँक्रीटचा थर, ज्याला सर्व महाराष्ट्र स्लॅब म्हणतो.

स्लॅबचे गुण निर्विवाद आहेत. तो गळत नाही, त्याला वाळवी लागत नाही, त्यावर दुसरा मजला चढतो, आणि आगीच्या भीतीने दर उन्हाळा काढणाऱ्या कुडाच्या वस्तीला त्याची किंमत अधिक कळते. तथापि त्याची जाडी या हवामानाला नेमकी गैरसोयीची आहे. मे महिन्यात त्याचा वरचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास तापतो, आणि हा ताप खालच्या पृष्ठभागावर सुमारे तीन तासांनी उतरतो. म्हणजे माणसे कामावरून घरी येतात त्याच वेळी छत पेटू लागते आणि रात्री उशिरापर्यंत धगधगत राहते. मातीच्या भिंतीला दहा तास लागत, कुडाला साठवणच नव्हती. स्लॅबने मधला मार्ग काढला आणि तो सर्वांत वाईट निघाला. संध्याकाळी स्लॅबवर पाणी मारणे हा विदर्भातील घरोघरचा विधी येथून सुरू होतो.

दुसरा विधी कूलरचा. वाळ्याच्या मुळांच्या ताट्या दारांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत जुनी आणि खानदानी होती. तिला पंखा, पंप आणि टिनाची पेटी जोडून विदर्भाने तिचे लोकशाहीकरण केले. पाण्याचे बाष्प होताना ते हवेतील उष्णता शोषते, आणि एप्रिल-मे मधील विदर्भाची दुपार इतकी कोरडी असते की कूलर हवेचे तापमान दहा-पंधरा अंशांनीही उतरवू शकतो. होळीनंतर ताट्या बदलणे, टाकीचा गंज खरवडणे, पंपाची जाळी साफ करणे ही कामे घरातील कर्त्याच्या वार्षिक कर्तव्यांत मोडतात. पण मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलर फक्त आवाज करतो, आणि वातानुकूलन यंत्राचा म्हणजे एसीचा शिरकाव घरांत झाला तो मुख्यत्वे या जून महिन्यातल्या दमट आठवड्यांच्या बळावर.

अशा इमारतीला सौरऊर्जा जोडता येते, आणि सौरऊर्जेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयातील एक अधिकारी विल्यम ॲडम्स यांनी आरशांनी ऊन एकवटून वाफेचे इंजिन चालवण्याचे प्रयोग १८७० च्या दशकात मुंबईत केले आणि सूर्याची उष्णता हे उष्ण देशांतील इंधन ठरू शकते असा दावा करणारे पुस्तक १८७८ मध्ये तेथेच प्रसिद्ध केले. त्या काळी कोळसा आयात होत असल्याने त्यांचा मुद्दा भावनेचा नव्हता, हिशेबाचा होता. ज्या वर्षांत सरकार वणीच्या भुईत कोळसा मोजत होते, त्याच वर्षांत हा माणूस कोळशाला पर्याय शोधत होता. पुढे शंभरांहून अधिक वर्षांनी यवतमाळ जिल्ह्याचे नाव या इतिहासात आले ते शेतीच्या निमित्ताने: मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या प्रायोगिक प्रकल्पांसाठी राळेगणसिद्धीबरोबर यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या गावाची निवड झाली होती. घरांच्या छतांसाठी राज्यात २०१५ पासून नेट मीटरची, म्हणजे दिवसा ग्रिडला दिलेली वीज रात्री घेतलेल्या विजेतून वजा करण्याची नियमबद्ध सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने तीन किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये, तर गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापराच्या संचाला दर किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान ठरवले.

एका किलोवॅटच्या पट्टांना साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि विदर्भाच्या उन्हात ते दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतात. यातील एक गंमत अशी की सर्वांत कडक दुपार ही सर्वांत उत्पादक दुपार नसते, कारण पट्टातील घटकांचे तापमान २५ अंशांच्या वर गेल्यावर प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते आणि मे महिन्यात ते घटक सहज ६५ अंशांपर्यंत तापतात. पट्ट स्लॅबपासून हातभर उंच बसवले तर त्यांच्याखालून वारा खेळतो, त्यांचेही तापमान उतरते आणि स्लॅबवर सावली पडते. जुन्या इमारतीच्या रहिवाशाला वीजबिलातील घट कागदावर दिसते, पण वरच्या मजल्यावर झोपणाऱ्याला या सावलीची किंमत आधी कळते. उरलेल्या स्लॅबला राजूरसारख्या भट्टीतला चुना डिंक किंवा फेव्हिकॉल कालवून लावण्याची पद्धत आहे, आणि पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो म्हणून ती परिणामकारक आहे. ज्या दगडाने छत तापट केले त्याचाच दुसरा अवतार त्यावर फासावा लागतो.

भुईशी पुन्हा संबंध जोडणे याहून अवघड आहे. एसी घरातील उष्णता बाहेर ४४ अंशांच्या हवेत टाकतो. तीच उष्णता ६० ते १०० मीटर खोल विंधनविवरात सोडलेल्या प्लॅस्टिकच्या नळीतील पाण्यावाटे २८ अंशांच्या खडकात टाकली, तर सैद्धांतिक हिशेबाने वीज सुमारे एक तृतीयांशाने वाचू शकते. त्याहून साधा प्रकार म्हणजे हवा जमिनीखालच्या बोगद्यातून खेळवून खोलीत आणणे. दिल्लीजवळ गुडगाव येथे 'टेरी' या संस्थेने आपल्या प्रशिक्षण केंद्रासाठी चार मीटर खोलीवर असे बोगदे बांधले आहेत. मुकुटबनसारख्या ठिकाणी मात्र माती हा पहिला अडथळा आहे, कारण काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि नळीचा मातीशी असलेला स्पर्श नेमका गरज असते तेव्हाच सुटतो, म्हणून नळी खडकापर्यंत न्यावीच लागते. दुसरा अडथळा अधिक सूक्ष्म आहे: थंड देशांत हिवाळाभर भुईतून उष्णता काढली जाते आणि उन्हाळ्यात परत भरली जाते, पण येथे वर्षातून सात-आठ महिने ती फक्त भरली जाईल, आणि काही वर्षांत विवराभोवतीचा खडकच तापून बसेल. त्यावर उतारा म्हणजे इमारतीतील सर्व बिऱ्हाडांचे आंघोळीचे पाणी त्याच भुईतून तापवणे, म्हणजे भूऔष्णिक तापनाचा मूळ अर्थ मागच्या दाराने पुन्हा आत घेणे.

खाणींच्या मुलखाला आणखी एक दार उघडे आहे. नेदरलँड्समधील हेर्लेन येथील कोळसा खाणी १९७४ पर्यंत बंद होऊन पाण्याने भरल्या, आणि २००८ पासून त्याच पाण्याने, खोलवरच्या सुमारे २८ अंशांच्या पाण्याने हिवाळ्यात ऊब व उथळ भागातील १६ अंशांच्या पाण्याने उन्हाळ्यात गारवा, असा इमारतींना पुरवठा होतो. वणी परिसरातील खाणी चालू ठेवण्यासाठी पाणी सतत उपसावे लागते, आणि सोडून दिलेल्या भुयारांत ते साचते. हेर्लेनला जे २८ अंश उबदार म्हणून मोलाचे वाटतात, तेच २८ अंश वणीच्या मे महिन्यात गार म्हणून उपयोगी पडतील. आकडा तोच, पण त्याचा अर्थ अक्षांशानुसार उलटतो.

घरकुल योजनांनी या इतिहासाला शेवटचे वळण दिले. शबरी आदिवासी घरकुल योजना, २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आणि असुरक्षित जमातींसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेले पीएम-जनमन अभियान यांमुळे पोडांवर विटा, सिमेंट आणि स्लॅब किंवा टिनाचे पत्रे आले. सरकारी कागदांत अशा घराला पक्के म्हणतात आणि जुन्याला कच्चे, आणि या दोन शब्दांत तापमानाला जागा नाही. पोडांवर पुष्कळ ठिकाणी असे दिसते की पक्क्या घराच्या भिंतीला लागून घरमालकाने स्वतः चार खांब रोवले आहेत, तीन बाजूंना पऱ्हाटीचा कूड विणून शेणमातीने लिंपला आहे आणि वर ओल्या फांद्यांचा मांडव घातला आहे. धान्य, पेटी आणि कागदपत्रे स्लॅबखाली असतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी बाजा, पाण्याचा माठ व लेकरे मांडवात.